उजूची साक्ष

“भिक्खुनींचं विहार कुठं हाये इथं?” भावजींनी गाडीतूनच विचारलं.

टपरीवाला म्हातारा ग्लास विसळत होता. त्यानं मान वर करून बोलेरोत बघितलं. स्टिअरिंगवर माझा पोरगा विलास, त्याच्या शेजारी माझे दीर उत्तम, मागं एकटी मी. म्हाताऱ्यानं टेकडीकडं बोट केलं. “ते काय, पांढरं दिसतंय ते. तुमच्यातलं कुणी हाये का तिथं?”

भावजी खाली उतरले आणि त्यांनी म्हाताऱ्याच्या कानफटात मारली. तो चुलीवरच्या किटलीवर कलंडला, उकळता चहा त्याच्या पोटरीवर सांडला. ओरडायचंसुद्धा त्याला सुचलं नाही.

“आमच्यातलं कुणी नाही तिथं,” भावजी म्हणाले. “आमी इथं आलोच नव्हतो. कळलं?”

गाडीत बसून त्यांनी दार आपटलं. “चल रे,” ते विलासला म्हणाले. मग मागं वळून माझ्याकडं बघून हसले. “भिऊ नका, वैनी. पोरगी घेऊन जाऊ गपचूप.”

पोरगी म्हणजे माझी उज्ज्वला. आम्ही तिला उजू म्हणायचो.

माझे मालक ट्रॅक्टर उलटून गेले तेव्हा उजू दुसरीत होती आणि विलास अंगणवाडीत. तेव्हापासून घर उत्तमभावजींच्या हातात. शेत त्यांचं, शब्द त्यांचा, आणि हातही त्यांचाच. मार कुणी खाल्ला नाही असं आमच्या घरात कुणी नव्हतं. उजू नांदेडला नर्सिंगला गेली तेव्हा मला वाटलं, एक तरी सुटली. तिथल्या एका मैत्रिणीबरोबर ती दहा दिवसांच्या ध्यानाच्या शिबिराला जाऊन आली. घरी आली ती कमी बोलायला लागलेली, पण बोलली की डोळ्याला डोळा देऊन बोलायची. भावजींना तेच खुपलं. त्यांनी तिचं लग्न एका वाळूवाल्याच्या पोराशी ठरवलं. त्या वाळूवाल्याच्या पाठबळावर त्यांना झेडपीला उभं राहायचं होतं. उजू सगळ्यांसमोर म्हणाली, “काका, मी लग्न करणार नाही. मला आर्याजींकडं जायचंय.”

“कोण आर्याजी?”

“भिक्खुनी आहेत. मी चीवर घेणार आहे.”

त्या दिवशी पट्टा तुटेपर्यंत त्यांनी तिला मारलं. “त्यांच्यात जाती? त्यांच्यात?” एवढंच ते मारताना म्हणत होते. मग तिला गोठ्यात कोंडली. सकाळी बघितलं तर गोठ्याचा पत्रा एका कोपऱ्यातून उचकटलेला, पत्र्याच्या धारेला रक्त, आणि उजू नाही.

त्या साली स्वाइन फ्लूची साथ होती. भावजींनी गावात सांगितलं, पोरगी नांदेडच्या दवाखान्यात गेली, बॉडी दिली नाही, तिकडंच उरकलं. आणि त्यांनी नदीवर तिचा दहावा घातला. लोक आले, जेवले, माझ्या गळ्यात पडून रडले. मी बायांच्या घोळक्यात बसून होते. माझ्या जित्या लेकीचा पिंड होता तो, आणि विलासचं मुंडण झालं होतं. बोलले असते तर माझी काय गत झाली असती ते मला ठाऊक होतं.

पुढं महिन्याभरानं गावातला एक व्यापारी पुसदच्या बाजूला गेला होता. तो येऊन भावजींना म्हणाला, “तिकडं बाजारात एक टकली पोरगी भिक्षा मागत होती. तुमच्या उज्ज्वलासारखी हुबेहूब.” भावजींनी त्याला हसून चहा पाजला. दुसऱ्याच दिवशी मला म्हणाले, “वैनी, तयार व्हा. आपण तिला सुरतेला माझ्या मेव्हण्याकडं नेऊन ठेवू. तिथं कुणी वळखत नाही. तुमी आत जाऊन गोड बोलून तिला फाटकापाशी आणा. बाईमाणसाला ते आडवत नाहीत.”

मला तिला बघायचं होतं. मी विश्वास ठेवला.

टेकडीच्या पायथ्याला, सागाच्या झाडांखाली विलासनं गाडी उभी केली. मी एकटी चढून गेले. आयुष्यात कधी बुद्धविहारात पाऊल टाकलं नव्हतं. आमच्या गावात ते वस्तीच्या पलीकडं होतं आणि आम्ही तिकडून जातसुद्धा नव्हतो. फाटकाशी पांढऱ्या लुगड्यातली एक बाई उभी होती.

“पहिल्यांदाच आलात?” तिनं विचारलं.

मी मान हलवली.

“बरं झालं, आज रविवार. आज नवीन बायांना ध्यानाला बसवतात. चपला इथं काढा. आत बोलायचं नाही, एवढंच ध्यानात ठेवा.”

कुठं नमस्कार करायचा, कुंकू वाहायचं का, नारळ कुठं फोडायचा, मला काही कळेना. घंटा नव्हती, गाभारा नव्हता. लांब सतरंजीवर आसपासच्या गावच्या बाया मांडी घालून बसल्या होत्या, समोर बुद्धाची मूर्ती, आणि भिंतीकडेला चीवरातल्या भिक्खुनी. त्यात एक थोराड, काळीसावळी, सत्तरीची. त्याच उजूच्या आर्याजी, आर्या खेमा.

“काही करायचं नाही,” त्या म्हणाल्या. आवाज आमच्या गावच्या बाईसारखाच, रांगडा. “डोळे मिटा. श्वास येतो, श्वास जातो. तेवढं नुसतं बघा. मन पळालं तर पळू द्या, परत आणा.”

मी डोळे मिटले. श्वास बघायला गेले तर छातीत नुसतं धडधडत होतं. मिटल्या डोळ्यांसमोर पट्टा वर जाई आणि खाली येई. मी डोळे उघडले आणि भिंतीकडच्या ओळीत माझी लेक शोधायला लागले. सगळ्यांची डोकी सारखी, सगळ्यांच्या अंगावर तोच रंग. मला माझी पोर ओळखू येईना. शेवटी पायांकडं बघितलं. अंगठ्यापेक्षा लांब दुसरं बोट, बापाचं. मग वर तिचा चेहरा. वाळली होती. पण कपाळावर एक आठी नव्हती.

बसणं संपल्यावर ती मला मागच्या अंगाला घेऊन गेली. तिथं पाण्याचा हौद होता आणि पडवीत एक बाई पाट्यावर लाल मिरची-लसणाची चटणी वाटत होती. त्या लोकांचं जेवण दुपारच्या आत उरकतं. चटणी वाटायची सोडून ती बाई कुणाच्या तरी हाकेला आत गेली.

“आई,” उजू म्हणाली.

मी तिचं डोकं चाचपलं. “केस कुठं गेले गं, उजे?”

“मीच दिले. आता मला धीरा म्हणतात.” मग तिनं विचारलं, “कुणाबरोबर आलीस?”

“भावजी आणि विलास खाली थांबलेत. तुला सुरतेला ठेवायचंय. मारणार नाहीत, मी शपथ घालून विचारलंय. चल तू.”

“मला इथं राहायचंय, आई.”

“मला कळतंय गं. पण ते ऐकायचे नाहीत. गावात सगळं मिटवलंय त्यांनी. तुझा...” माझी जीभ अडखळली. “तुझा दहावा घातलाय.”

 हौदात कुठलं तरी पाखरू चोच बुडवत होतं, ती त्याच्याकडं बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, “गावाला मी मेलेली. सुरतेला कुणी मला ओळखत नाही. इथं त्यांना कुणी बघितलं नाही.” तिनं माझा हात धरला. “आई, मग मला नेमकं कुठं नेणार आहेत गं?”

मला म्हाताऱ्याच्या पोटरीवर सांडलेला चहा आठवला. आमी इथं आलोच नव्हतो. मी हौदाच्या कडेवर बसले.

खालून हॉर्न वाजला. मग पुन्हा, लांब.

“तू आत जा,” मी म्हणाले. “दार लावून घे. मी सांगते तू इथं नाहीस.”

मी फाटकापर्यंत पोचले तोवर ते दोघं वर आले होते. भावजींच्या हातात गाडीतली टॉमी होती, चाकं उघडायची लोखंडी सळई. पांढऱ्या लुगड्यातली बाई त्यांना म्हणत होती, “दादा, आज बायांचं शिबिर आहे.” त्यांनी तिला खांद्यानं ढकललं. ती फाटकाच्या खांबावर आपटली.

“ती इथं नाही, भावजी,” मी म्हणाले. “नागपूरला पाठवली तिला.”

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. तीस वर्षं एका घरात राहिलेला माणूस. माझं खोटं त्यांना लगेच कळलं. हाताच्या पाठीनं त्यांनी तोंडावर मारलं, माझा ओठ दातात सापडून फाटला.

“विलास, मागल्या अंगानं बघ.”

“काका, आईला नको...” विलास म्हणाला.

“बघ म्हणलं ना!”

विलास माझ्याकडं न बघता पळाला. मी त्याच्या मागं, माझ्या मागं भावजी. अंगणात पोचले तर उजू आत गेलीच नव्हती. आर्या खेमांना सांगायला ती सभागृहाच्या पायऱ्यांवर गेली होती, आणि दोघी तिथंच उभ्या होत्या. आतल्या बाया दाराशी गोळा झाल्या होत्या. कुणाचं पोर रडायला लागलं होतं.

आर्या खेमा दोन पायऱ्या खाली उतरल्या आणि भावजींच्या समोर उभ्या राहिल्या. “दादा,” त्या म्हणाल्या, “काय बोलायचं ते बसून बोलू. लोखंड खाली ठेवा.”

“म्हातारे, बाजूला हो. घरची भानगड हाये.”

“हे पण तिचं घरच आहे.”

भावजींनी टॉमी मारली. मी तो आवाज अजून विसरले नाही. सुकं लाकूड फुटल्यासारखा होता. म्हातारीच्या कपाळापासून कानामागपर्यंत कातडं उघडलं आणि रक्त दोन्ही डोळ्यांत उतरलं. ती पडली नाही. पायरीवर हात टेकून बसली आणि आंधळ्यासारखी हवेत चाचपायला लागली. दाराशी एकच किंकाळी उठली. बाया आत पळाल्या, दोघी-तिघी फाटकाकडं पळाल्या.

उजू म्हातारीकडं धावली. भावजींनी सवयीनं तिच्या केसांना हात घातला. आजवर तसंच ओढत आले होते तिला. हात नुसता डोक्यावरून घसरला. क्षणभर ते गोंधळले. मग त्यांनी तिचं मानगूट धरलं आणि तोंडावर पाडलं. “पाय धर रे!” विलासनं पाय धरले. माझा पोरगा रडत होता, आणि बहिणीचे पाय धरून तिला मुरमावरून ओढत होता. तिचं चीवर वर सरकलं, गुडघे सोलले. ती ओरडत नव्हती. बोटं जमिनीत रोवत होती, बस.

“सोड, विलास!” मी त्याच्या मनगटाला कडकडून चावले. रक्ताची चव लागली. त्यानं हात सोडला. भावजींनी लाथ घातली ती माझ्या बरगडीत बसली आणि मी पडवीकडं फेकली गेले.

हात पडला तो वरवंट्यावर.

लाल चटणीनं माखलेला, ओला, जड वरवंटा. मी तो उचलला. मी काही ठरवलं नव्हतं, हे मी पुढं पोलिसांनाही सांगितलं. भावजी उजूच्या पाठीवर गुडघा देऊन तिचे हात मागं पिरगाळत होते. टॉमी त्यांनी काखेत धरली होती. मी मागून आले आणि त्यांच्या खांद्यावर वरवंटा घातला. हाड मोडलं. टॉमी गळून पडली. ते वळले तसा मी जबड्यावर घातला. ते आडवे झाले. तोंडातून दात आणि रक्त. चटणी जखमेत आणि डोळ्यांत गेली असणार, कारण ते असे किंचाळले की रानातली पाखरं उडाली.

विलासनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा काकाकडं. आणि तो पळाला. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

भावजी जमिनीवर पालथे होते. उजवा हात पुढं पसरलेला. त्या हातानं पट्टा धरला होता. त्या हातानं माझ्या मालकाच्या तेराव्याच्या रात्री माझ्या खोलीची कडी वाजवली होती, आणि मी दाराला पेटी लावून बसले होते. मी त्या हातावर वरवंटा मारला. मग पुन्हा. पुन्हा. बोटांचा चेंदा झाला तरी मारत होते. मग पाठीवर मारला. “वैनी,” ते म्हणत होते, “वैनी, वैनी.” उजू बाजूला उठून बसली होती आणि बघत होती.

कुणीतरी मागून माझा हात धरला. आर्या खेमा. डोळे रक्तानं चिकटलेले, आवाजाच्या रोखानं चाचपत आली होती म्हातारी. तिनं दोन्ही हातांनी वरवंटा धरला. “बस, बाई,” ती म्हणाली. “बस झालं. दे इकडं.”

मी दिला.

मग उजू उठली. तिनं आधी म्हातारीचं डोकं बांधलं. मग चीवराचा पदर फाडून भावजींच्या दंडाला करकचून आवळला आणि त्यांची मान एका बाजूला वळवून घशातलं रक्त बोटानं काढलं. नर्सिंगचं शिकली होती. डॉक्टर पुढं म्हणाले, तिनं तसं केलं नसतं तर ते तिथंच गेले असते.

मला शिक्षा झाली हे आधीच सांगून टाकते. भावजींनाही झाली, माझ्यापेक्षा मोठी. जबडा तारेनं बांधून, एका हातानं ते कोर्टात यायचे. विलास माफीचा साक्षीदार झाला. पण माझ्यावरचा गुन्हा वेगळा होता.

माझ्या वकिलांचं नाव लोखंडे. बारीक, तिखट माणूस. ते म्हणाले, “द्वारकाबाई, लेकीला वाचवायला मारलं, यात कायदा तुमच्याकडं आहे. सगळं अडतंय एका जागी. तो पडल्यावर तुम्ही मारलं. का मारलं? तो उठत होता, टॉमीकडं हात नेत होता, असं कुणी सांगितलं तर तुम्ही आज घरी.”

आर्या खेमांची साक्ष झाली होती. त्यांनी सांगितलं, “माझ्या डोळ्यांत रक्त होतं. मला दिसलं नाही.” वकिलांनी परोपरीनं विचारलं. “दिसलं नाही ते कसं सांगू?” त्या म्हणाल्या. टाके पडलेलं कपाळ घेऊन त्या खाली उतरल्या आणि माझ्याकडं बघून त्यांनी मान लववली. मला राग आला नाही. राग वकिलांना आला.

राहिली उजू. दुसरं कुणी बघणारंच नव्हतं.

साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात मला बाकावर बसवलं होतं, शेजारी लेडी पोलीस. उजू येऊन माझ्या समोर उभी राहिली. हातात भिक्षापात्राची झोळी, चेहरा पांढरा पडलेला.

“मी सांगणार आहे,” ती म्हणाली, “की ते उठत होते.”

“उठत होते का?”

“नाही.”

“मग तुझं ते... शपथ घेतलीस ना? खोटं बोलायचं नाही म्हणून?”

“चीवर उतरवून ठेवीन. आर्याजींना काल सांगितलंय मी.”

“त्या काय म्हणाल्या?”

“काही नाही. रडल्या.” ती खाली बसली, माझ्या गुडघ्याशी. “एका वाक्याचा प्रश्न आहे, आई. तू माझ्यासाठी एवढं केलंस.”

 मला सुटायचं होतं. जेलचा वास, तिथली भांडणं, रात्रभर खोकणाऱ्या बाया, मला सगळ्याचा वीट आला होता. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग पुकारा झाला.

मी आरोपीच्या पिंजऱ्यात, ती समोर साक्षीच्या. तिला शपथ दिली. ती म्हणाली, “खरं सांगेन.” तिचे ओठ हलले आणि पुढं आवाज आला नाही. चीवराची कड बोटांत गुंडाळत होती, लहानपणी फ्रॉकची गुंडाळायची तशी.

“साहेब!” मी मोठ्यानं म्हणाले.

लोखंडे वकील ताडकन वळले. “बाई, गप्प बसा!”

“साहेब, तिला विचारायच्या आधी मी सांगते. तो उठत नव्हता. पडला होता. हात जोडल्यासारखा ‘वैनी, वैनी’ म्हणत होता. तरी मी मारलं. त्याचा हात मोडायचा म्हणून मारलं.”

साहेबांनी चष्मा काढला. “तुमच्या वकिलांनी तुम्हाला हे बोलायला सांगितलंय का?”

“नाही, साहेब.”

“मग शांत उभ्या राहा. तुमची वेळ येईल तेव्हा बोला.”

लोखंडे वकिलांनी कागद टेबलावर टाकले आणि ते खाली बसले. सरकारी वकील उठला. आता त्याला घाईच नव्हती.

“तुम्ही आरोपीची मुलगी?”

“हो.”

उजू माझ्याकडं बघत होती. मीही तिच्याकडंच बघत होते. तिनं चीवराची कड सोडली.

“उत्तमराव जमिनीवर पडले, त्यानंतर त्यांनी उठायचा प्रयत्न केला?”

“नाही,” उजू म्हणाली.

“टॉमीकडं हात नेला?”

“नाही. टॉमी लांब पडली होती.”

“तरी तुमच्या आईनं मारलं?”

“मारलं. आधी हातावर, मग पाठीवर. मी मोजलं नाही.”

एकेक शब्द स्वच्छ. माझ्या गळ्याला फास बसत होता आणि मला वाटत होतं, बोल, बाई, बोल.

“तुम्ही शुद्धीवर होतात?”

“हो.”

“उभं राहता येत होतं? चालता येत होतं?”

“येत होतं. नंतर मीच त्यांची जखम बांधली.”

“मग,” सरकारी वकिलानं जरा थांबून विचारलं, “एक माणूस डोळ्यांदेखत ठेचला जात असताना, अहिंसेचं व्रत घेतलेल्या तुम्ही आईला थांबवलं का नाही?”

आर्या खेमा मागच्या बाकावर बसल्या होत्या. उजूनं त्यांच्याकडं बघितलं नाही, माझ्याकडंही नाही. ती समोर भिंतीकडं बघत होती. टायपिस्टचा हात थांबला होता.

“मला थांबवावंसं वाटलं नाही,” ती म्हणाली.

टाइपरायटर खडखडला. ते वाक्य कागदावर उतरलं. साहेबांनी तिला खाली उतरायला सांगितलं आणि ती उतरली, सरळ मानेनं, झोळी सावरत. मी पिंजऱ्याचा कठडा धरून उभी होते. आमच्या घरात एवढं खरं आजवर कुणी बोललं नव्हतं.